देवणीहून मुक्तिनाथ: आधी उतार शिका

डोंगरी सायकल घेऊन देवणीहून नेपाळातल्या मुक्तिनाथला जायचं असेल तर पाच महिने आधी तयारीला लागावं. दिवाळीत सुरुवात केली की गुढीपाडवा झाल्यावर निघता येतं. मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा घाईने गेलो, दुसऱ्यांदा शिकून गेलो. इथे सांगतोय ती पद्धत दुसऱ्या खेपेची. पहिल्या खेपेतलं तेवढंच घेतलंय, जे पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पहिला परदेश म्हणून नेपाळच का, तर आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, दाल-भात सगळीकडे मिळतो, हिंदीवर काम भागतं आणि पैशाचा हिशेब सोपा आहे: आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६०. मुक्तिनाथचं नाव घरात आधीपासून माहीत असतं, हाही एक फायदा. माझी आई एवढंच म्हणाली, “लोक गाडीनं जातेत, तू सायकलीवर कशाला जातूस लेका?” आणि १०८ धारांचं तीर्थ आणायला एक रिकामी बाटली माझ्या पिशवीत टाकली.

बाकी सगळे मात्र एकच विचारतात: चढ जमेल का? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. चढ नाही जमला तर उतरून सायकल ढकलता येते, त्यात कमीपणा नाही. खरी परीक्षा उताराची. मुक्तिनाथ सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे आणि खाली, जिथे सायकलवाट संपते ते बेनी साधारण ८३० मीटरवर. म्हणजे तीन हजार मीटर खाली यायचं, तेही खडी, धूळ आणि वाळूवरून. आपलं देवणी-उदगीरचं पठार सहाशे मीटरच्या आसपास, बरंचसं सपाट. पायात दम इथे येतो, पण ब्रेकवरच्या बोटाला इथे काही कामच पडत नाही. ते मुद्दाम शिकवावं लागतं.

पहिल्या खेपेला मुक्तिनाथहून कागबेनीकडे उतरताना मी मागचा ब्रेक सलग दाबून धरला होता. भीती वाटली की बोट आपोआप आवळतं. थोड्या वेळाने तापलेल्या तव्यासारखा वास यायला लागला. लिव्हर मऊ पडत गेली आणि एका वळणाच्या आधी ती पार हँडलला टेकली, तरी सायकल थांबेना. बाजूला दगडी बांध होता. त्याला सायकल घासत नेली आणि थांबलो. खांदा सोलवटला, एवढ्यावर निभावलं. वाकून पाहिलं तर मागची डिस्क निळी-जांभळी झालेली. हेल्मेटमधून घामाचा थेंब तिच्यावर पडला तो चर्र करून उडाला. त्या दिवशी ठरवलं, पुढच्या वेळी आधी खाली यायला शिकायचं.

दिवाळी ते संक्रांत: सायकल आणि पाय

सायकल महागडी नको. पुढे शॉकअप, मागे सरळ फ्रेम, म्हणजे हार्डटेल, पुरते. दोन गोष्टींत मात्र तडजोड करू नका: दोन्ही चाकांना तेलावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेत आणि फ्रेम तुमच्या मापाची हवी. तारेवरचे डिस्क ब्रेकही थांबवतात, पण दिवसभराच्या उताराला बोटं सुन्न होतात. सायकल उभी करून तिच्यावरून दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहा. फ्रेमचा दांडा आणि तुमच्यात तीन-चार बोटं जागा राहिली पाहिजे.

टायर २.२ इंचाच्या आसपास रुंद घ्या आणि शक्यतो ट्यूबलेस करून घ्या. आपल्याकडे हे चैनीचं नाही, बाभळीमुळे गरजेचं आहे. बांधावरची बाभूळ छाटली की काट्या गाडीवाटेवर महिनाभर पडून असतात. ट्यूबलेसमध्ये आतलं पातळ सीलंट काट्याचं भोक स्वतः बुजवतं. २९ इंची चाकाला ९० ते १०० मिलिलिटर लागतं आणि आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन महिन्यांनी टायर हलवून आत खळखळ ऐकू येते का ते बघा. हवा ६०-६५ किलोच्या माणसाला पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय पुरते. रस्त्यावरच्या सायकलीची सवय असलेल्याला हे टायर बसल्यासारखं वाटतं, पण खडीवर पकड त्यानेच येते.

आठवड्यातून चार दिवस चालवा. दोन दिवस तासभर, एक दिवस चढाचा, एक दिवस लांबचा. लांबच्या दिवशी सुरुवातीला उदगीरला जाऊन या, मग भालकीकडे आणि संक्रांतीच्या आसपास बीदरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. हा लागोपाठचा दुसरा दिवस फार महत्त्वाचा. पहिल्या दिवशी कुणीही चालवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बसणीवर बसताना दुखतं, तरी बसून तीन तास काढता आले की पाय तयार होत आलेत असं समजा. वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. श्वास तुटून बोलणं तुटलं तर गिअर हलका करा. उंचीवर हाच नियम जीव वाचवतो, म्हणून इथेच अंगात मुरू द्या.

चढाच्या दिवसासाठी देवर्जनजवळचं हत्तीबेट गाठा. भाविकांच्या पायऱ्यांवर सायकल घालायची नाही. पायथ्याच्या आणि आजूबाजूच्या कच्च्या रस्त्यांवर एक चढ निवडा आणि तोच दहा वेळा करा. मांजरेच्या काठच्या पायवाटाही चांगल्या, वळणं आणि वाळू दोन्ही मिळतं. हुरड्याच्या दिवसांत सकाळी सातला निघालात तर नऊपर्यंत कुणाच्या तरी शेतावर आगटीचा धूर दिसतोच. थांबून घ्या, तेही पोटाचं शिक्षण आहे: चालवता चालवता काय पचतं हे आधी कळायला हवं. मला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ मानवतं. बाजारातली गोड जेलची पाकिटं मला सोसली नाहीत.

एक गोष्ट इथली म्हणून सांगतो. अवकाळी पाऊस पडला आणि काळी माती ओली झाली की शेतवाटेवर सायकल घालू नका. पन्नास पावलांत चिखल टायर आणि फ्रेमच्या मधे इतका बसतो की चाक फिरायचं थांबतं. तेव्हा जोर लावून पॅडल मारलं की मागचा डेरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, मोडून आऱ्यांत जातो. पॅडल सोडा, सायकल खांद्यावर घ्या, मुरमावर येऊन काडीने माती काढा आणि मगच पुढे निघा.

संक्रांत ते होळी: ब्रेकचं बोट

मोकळं मैदान किंवा खळ्याची जागा घ्या. चुन्याने एक आडवी रेघ मारा. दुरून मध्यम वेगाने या आणि रेघेवर पुढचं चाक थांबवा. आधी फक्त मागच्या ब्रेकने. चाक घसरत पुढे जाईल, रेघ मागे पडेल. मग फक्त पुढच्याने, हळूहळू दाब वाढवत. फरक डोळ्यांना दिसतो. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, कारण वेग कमी होताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. आपल्याला लहानपणापासून “पुढचा ब्रेक दाबू नको, पालथा होशील” असं सांगितलेलं असतं. पालथं पडणं पुढच्या ब्रेकमुळे होत नाही, तो एकदम आणि वळणात दाबल्यामुळे होतं. एकच बोट, तर्जनी, लिव्हरच्या टोकावर. बाकीची बोटं हँडल धरायला.

रेघेवर थांबणं जमलं की अंग शिकवा. दोन्ही पॅडल आडवी, जमिनीला समांतर. बसणीवरून उठून उभं राहायचं, गुडघे आणि कोपरं सैल, कंबर किंचित मागे, टाचा खाली. ब्रेक लागला की अंग पुढे फेकलं जातं, टाचा खाली असल्या की ते पायांवर झेललं जातं. नजर पुढच्या चाकासमोर नको, पंधरा-वीस पावलं पुढे हवी. दगडाकडे बघितलं की सायकल दगडावरच जाते. वाटेकडे बघा.

तिसरा धडा मी पैसे देऊन शिकलो असतो तरी स्वस्त पडला असता: ब्रेक सलग धरायचा नाही. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवायचा, मग पूर्ण सोडायचा आणि वळणात चाकं मोकळी फिरू द्यायची. दाबा, सोडा, दाबा, सोडा. सोडलेल्या क्षणांत डिस्कला वारा लागतो आणि ती निवते. ब्रेक सलग धरला तर पॅड आणि डिस्कमधली उष्णता वाढत जाते, पकड सुटते आणि उष्णता तेलापर्यंत गेली की लिव्हर मऊ पडते. तसं झालंच तर थांबा आणि दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

हत्तीबेटाजवळच्या त्याच चढावर आता उतरतानाची मोजणी करा. दहा वेळा खाली या आणि प्रत्येक वेळी ब्रेक किती वेळा दाबला ते मोजा. आकडा कमी होत गेला पाहिजे, वेग तोच ठेवून. माझा पहिल्या दिवशीचा आकडा एकवीस होता, होळीपर्यंत आठवर आला.

याच काळात नवीन पॅड बसवून घ्या. लांब उताराला धातूमिश्रित पॅड बरे, ते उष्णता जास्त सोसतात. नवे पॅड लगेच नीट धरत नाहीत. वेगात येऊन चाक न अडवता जोरात मंदावायचं, असं वीस वेळा करा, मग ते डिस्कशी जुळतात. नेपाळात पोखऱ्याला जाऊन हे करू नका, घरीच करा.

दुरुस्ती स्वतःच्या हाताने

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांत मिळून पूर्ण केली, तेव्हा मागे मदतीची गाडी आणि माणसं होती. त्या शर्यतीचा तो भागच आहे. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये पर्थहून निघून १४ देशांतून सुमारे २९,००० किलोमीटर सायकलने फिरली, १५९ दिवसांत, आणि तिच्या मागे गाडी नव्हती. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, तरी ती पुढे गेली. तेव्हा ती विशीतली मुलगी होती. आपण दहा दिवस जाणार आहोत, पण आपल्याही मागे गाडी नसते. म्हणून चार कामं डोळे मिटून यायला हवीत: पंक्चर काढणं, साखळी जोडणं, ब्रेक पॅड बदलणं आणि डेरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला अडकवणारा तुकडा, बदलणं.

पंक्चरचं थोडं विस्ताराने सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसाची एक चूक ठरलेली असते. ट्यूबलेस टायरचं भोक मोठं असलं आणि सीलंटने बुजलं नाही तर आधी रबरी वातीने बुजवून बघतात. तेही जमलं नाही तर आत ट्यूब घालतात. पण देवणीत चार महिने चाललेल्या टायरमध्ये बाभळीचे दहा-पंधरा काटे आधीच रुतून बसलेले असतात. सीलंटमुळे ते कळलेले नसतात. तसाच टायर ठेवून ट्यूब घातली की पाच मिनिटांत ती चाळणी होते. म्हणून निघण्याआधी घरीच टायर उतरवा, उलटा करा आणि आतून जुना सुती कपडा फिरवा. बोट फिरवू नका. कपडा जिथे अडकेल तिथे काटा. टोक आतून ढकला आणि बाहेरून चिमट्याने ओढून काढा. मोडका काटा रबरातच राहिला तर आतून दिसत नाही, टायर दुमडला की बाहेर डोकावतो. मी एका टायरमधून सतरा काढले.

ट्यूबला ठिगळ लावताना पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशन पातळ पसरा आणि ते सुकून चकाकी जाईपर्यंत थांबा. पाच मिनिटं लागतात. ओल्या सोल्यूशनवर लावलेलं ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटतं.

बरोबर न्यायचं ते एवढंच: एक ट्यूब, ठिगळं आणि सोल्यूशन, वाती, छोटा पंप, ॲलन की, साखळी तोडायचं हत्यार आणि ती जोडायच्या दोन क्विक लिंक, पॅडच्या दोन जोड्या, तुमच्याच सायकलीचा जादा हँगर, झिप टाय आणि चिकटपट्टी. हँगर प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही.

कागद आणि पैसा

नेपाळात विमानाने जायला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड साधारणतः चालत नाही, आणि विमानतळावर ते कळलं तर उपयोग नसतो. तरीही मी म्हणेन पासपोर्टच काढा. ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे, अर्ज घरबसल्या भरता येतो आणि पुढचा डोंगर कदाचित याहून लांबचा असेल.

विमा काढताना दोन ओळी शोधा: डोंगरी सायकलिंग त्यात बसतं का, आणि किती मीटर उंचीपर्यंत बसतं. हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात असलाच पाहिजे. ही ओळ नसेल तर विमा घेऊन काही मिळत नाही.

अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना पोखऱ्याला किंवा काठमांडूला काढता येतो. सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले ६२५. कागबेनीच्या पुढे उत्तरेला वरचं मुस्तांग लागतं, तिथला परवाना वेगळा आणि महाग आहे, तेव्हा कागबेनीहून उजवीकडे मुक्तिनाथला वळा. आपल्या मोठ्या नोटांवर नेपाळात बंधनं राहिलेली आहेत. शंभराच्या नोटा जास्त ठेवा आणि निघताना चालू नियम विचारून घ्या. घड्याळ तिकडे पंधरा मिनिटं पुढे करायचं असतं.

पेटी

मी दोन्ही वेळा उदगीरहून रेल्वेने हैदराबाद, तिथून विमानाने दिल्लीमार्गे काठमांडू आणि पुढे बसने पोखरा असा गेलो. गोरखपूर-सोनौली मार्गे जमिनीवरूनही जाता येतं, वेळ जास्त लागतो, पैसे वाचतात. कसंही गेलं तरी सायकल पेटीत नीट बसायला हवी. सायकलच्या दुकानात नवी सायकल येते तिचा पुठ्ठ्याचा खोका मागून घ्या, बहुतेक दुकानदार सहज देतात. विमान कंपनीला सायकल आहे हे तिकिटाबरोबरच कळवा.

सुटं करण्याचा क्रम असा. आधी पॅडल. उजवं पॅडल नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात. ते उजवीकडे फिरवावं लागतं. हे विसरून जोर लावणाऱ्यांनी आटे खाल्लेले मी पाहिलेत. मग बसणीच्या दांड्यावर, आहे त्या उंचीला, चिकटपट्टीची खूण करा आणि दांडा काढा. हँडल सोडवून फ्रेमला समांतर बांधा. चाकं काढली की लगेच ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा. चाक नसताना कुणी लिव्हर दाबली तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि पोखऱ्यात बसून ते उकलत बसावं लागतं. पुढच्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा घाला, म्हणजे दाबाने ती आत वाकत नाहीत. डिस्कना दोन्हीकडून पुठ्ठा.

आता डेरेलर. तो फ्रेमपासून सोडवा, जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि साखळीसकट मागच्या दांड्यांच्या आत बांधून टाका. पहिल्या खेपेला मी तो तसाच बाहेर ठेवला. पोखऱ्यात खोका उघडला तर हँगर आत वाकलेला, गिअर टाकला की साखळी आऱ्यांवर घासायची, आणि जादा हँगर नेलेला नव्हता. सरोवराच्या बाजूच्या गल्लीतल्या एका वयस्कर मिस्त्रीने जे केलं ते मी अजून विसरलो नाही. त्याने डेरेलर सोडला, दुसऱ्या सायकलीचं मागचं चाक घेतलं आणि त्याच्या आसाचं टोक माझ्या हँगरच्या भोकात आट्यांवर फिरवून बसवलं. दोन्हींचे आटे एकाच मापाचे असतात. आता माझ्या मागच्या चाकाशेजारी दुसरं चाक उभं राहिलं. त्याने एक डोळा मिटून दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे बघितलं आणि ते चाक दोन्ही हातांनी धरून हळूच बाहेर ओढलं. पुन्हा बघितलं, पुन्हा ओढलं. चार-पाच वेळा. दोन्ही चाकं समांतर झाली तेव्हा हँगर सरळ झाला होता. हे घरी एकदा करून बघा. हँगर मऊ ॲल्युमिनियमचा असतो, एकदा वाकून सरळ केला की तो कच्चा पडतो, तेव्हा जादा जवळ असू द्याच.

हत्यारं खोक्यात, पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीत. आईची बाटली जाताना रिकामी, येताना भरलेली, म्हणून परतताना ती खोक्यात कपड्यांमध्ये गुंडाळून.

पोखरा ते मुक्तिनाथ

पोखरा ८०० मीटरच्या वर थोडंसं. इथे एक दिवस सायकल जोडा आणि दुसऱ्या दिवशी सारंगकोटला चढून-उतरून तपासा. काही सैल असेल तर इथे कळलं पाहिजे.

पुढचा टप्पा जोमसोम २,७०० मीटरच्या वर आहे. विमान वीस-पंचवीस मिनिटांत नेऊन सोडतं, पण तीच अडचण: अंगाला उंची कळायला वेळच मिळत नाही. मी जीपने गेलो, दिवसभर धक्के खात, आणि तेच सुचवेन. जोमसोमच्या खाली मार्फा गावात दोन रात्री राहा. सफरचंदाच्या बागा, पांढरी घरं आणि थंड हवा. मधल्या दिवशी रिकाम्या पाठीने तासभर सायकल चालवा. मग कागबेनीला एक रात्र आणि चौथ्या दिवशी मुक्तिनाथ. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा वर नेऊ नये, हा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम. मुक्तिनाथच्या टप्प्यात तो मोडतो, म्हणून आधीच्या रात्री खाली वाढवून घ्यायच्या.

डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ ही सुरुवात. त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की दिवस, खाली यायचं. गोळ्या घ्यायच्या तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

वारा समजून घेतल्याशिवाय या खोऱ्यात चालवता येत नाही. काली गंडकी धौलागिरी आणि अन्नपूर्णा या दोन आठ हजारी डोंगरांच्या मधून वाहते. सकाळी ऊन चढलं की उत्तरेकडचं कोरडं पठार तापतं, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेची हवा या घळीतून वर ओढली जाते. दहा-अकरापासून संध्याकाळपर्यंत वाऱ्याला खंड नाही. वर जाताना तो पाठीवर येतो. खाली येताना तोंडावर, वाळूसकट. म्हणून खाली यायचं ते पहाटे निघून, दहाच्या आत.

कागबेनीहून वर चढताना गिअर सगळ्यात हलका, बोलता येईल इतकाच वेग, दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी. मुक्तिनाथला पोचलात की सायकल खाली ठेवून पायी वर जा. १०८ गोमुखांतून पडणारं पाणी एप्रिलमध्येही हाडात शिरतं. बाटली तिथेच भरली.

खाली

पहाटे सहाला टायरची हवा, पॅड, दोन्ही चाकांचे आस आणि हँडलचे स्क्रू हाताने तपासा. दोन्ही लिव्हर दाबून सायकल पुढे ढकला, चाकं हलता कामा नयेत. हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या. थंडीने बोट बधिर झालं की दाब कळत नाही.

मुक्तिनाथहून लुप्रा गावातून जोमसोमला उतरणारी अरुंद पायवाट जगभरातल्या सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे. पहिल्या खेपेला तिच्यावर जाऊ नका, रस्त्यानेच या. दुसऱ्या खेपेला मी तिथला माहीतगार बरोबर घेऊन गेलो आणि जिथे वाट खडकावरून एकदम तुटते तिथे उतरून सायकल हाताने नेली. जिथे वाटेचा शेवट दिसत नाही तिथे आधी पायी जाऊन बघायचं, मगच चालवायचं.

रस्त्यावर धडा तोच. सरळ भागात दाबा, वळणात सोडा. दर पंधरा मिनिटांनी थांबा आणि डिस्कच्या जवळ तळहात न्या, लावू नका. धग सहन होत नसेल तर थोडं बसा. मऊ वाळूचा पट्टा आला तर त्याच्या आधीच वेग कमी करा, आत शिरल्यावर पुढचा ब्रेक सोडा, हँडल सैल धरा आणि पॅडल मारत बाहेर पडा.

खेचरांचा तांडा आला तर आपण उतरायचं आणि सायकल घेऊन डोंगराच्या अंगाला उभं राहायचं. दरीच्या बाजूला कधीच नाही, ओझ्याचा धक्का लागला तर माणूस खाली जातो. हे देवणीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ज्याने वानेरा, बालंक्या, शेवरा असे देवणी जातीचे बैल रस्त्याने नेले आहेत त्याला ठाऊक असतं, जनावराला अचानक आलेली गोष्ट खपत नाही. घंटी वाजवू नका, तोंडाने हळू बोला, म्हणजे इथे माणूस आहे हे त्याला कळतं. वाटेवर दगडी प्रार्थनाभिंत लागली तर ती आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं, प्रदक्षिणेसारखं.

जोमसोमला दहाच्या आत पोचा आणि त्या दिवशी तिथेच थांबा. दुसऱ्या पहाटे तुकुचे, लार्जुंगमार्गे कालोपानीपर्यंत, तिसऱ्या दिवशी घासावरून तातोपानी. इथे सूचिपर्णी झाडं संपून केळी दिसायला लागतात आणि गरम पाण्याची कुंडं आहेत. पाय बुडवून बसा, पण आधी सायकलीवरची धूळ झटका आणि साखळीला तेल द्या. पावसानंतर या पट्ट्यात दरड कोसळते, तेव्हा जीपवाल्यांना रस्ता विचारूनच निघा. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत बेनी.

बेनीला जीप मिळेपर्यंत चहा घेता घेता चाकं काढा आणि पॅड बाहेर काढून उजेडात धरा. थर एक मिलिमीटरच्या खाली आला असेल तर ते आता फेकायचे. पहिल्या खेपेला माझा मागचा पॅड पत्र्यापर्यंत गेला होता आणि पुढचा जवळपास कोरा होता. दुसऱ्या खेपेला पुढचा थोडा जास्त आणि मागचा थोडा कमी झिजला होता आणि दोन्हींत अजून निम्मा थर शिल्लक होता. ते तसेच परत बसवले आणि पुठ्ठ्याची घडी मधे सरकवून सायकल जीपच्या टपावर बांधली.